रिकाम्या वाफ्याची पाटी

फ्लेक्स आला आणि माझं दुकान बसलं.
अंबाजोगाईच्या मोंढ्यात निम्म्या दुकानांवर
उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मी होतो :
हैदर पेंटर.
एकेक पाटी उतरली.
काही अजून आहेत, गोठ्यांच्या कुडाला
उलट्या ठोकलेल्या.

मग चाटे मॅडमनी बोलावलं
बालाघाटाच्या उतारावर, बंद पडलेल्या खदानीशेजारी.
मी विचारलं, उद्यान कुठंय?
त्या म्हणाल्या, तुम्ही उभे आहात त्यात.

चैत्र होता.
एक पळस सोडला तर सगळी काटकी न् काटकी.
मुरूम तापलेला, चपलेतून कळत होता.
मॅडम एका वाळक्या दांडक्यापाशी वाकून
आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होत्या.
मला वाटलं, बिदागी बुडणार.

एकशे चाळीस पाट्या.
हिरव्या जमिनीवर पांढरी अक्षरं.
धावडा. मोईन. हिवर. सालई.
मेडशिंगीच्या वेलांट्या मी शेंगेसारख्या ओढल्या,
कुणी सांगितलं नव्हतं.

केवळाबाईला वाचता येत नाही.
ती पाणी घालते, आणि झाडं ओळखते
डोक्यानं. म्हणजे खरोखर डोक्यानं :
"धावडा जड. मान मोडती, पण पैसा रोख.
सालई निस्ता धूर.
मोईन हलकी, तिला गिऱ्हाईक न्हाई."
वीस वर्षं ह्यांच्याच मोळ्या विकल्या तिनं.
आता रोज हंडा घेऊन येते.
त्याबद्दल ती काही बोलत नाही,
आम्हीही विचारत नाही.

तीच एकदा पाचुंद्यापाशी थांबली.
"त्या तिकडल्या पाटीला टिकली हाय, हिला न्हाई."
बघतो तर अनुस्वार राहिलेला.
तीस वर्षांत पहिल्यांदा कान गरम झाले.
ब्रश धुऊन झाला होता. म्हणालो, उद्या देतो.

एक सभापती आले, गाडीतून अर्धेच उतरले.
"फुलं कुठायत? दोन गुलमोहर टाका, रंग येईल."
मॅडमनी त्यांना टेंभुर्णी दिली खायला.
ती कच्ची निघाली.
मॅडम म्हणतात, चुकून.

शेवटची पाटी दहिवण.
वाफा रिकामा.
किनवटहून आलेल्या सतरा बिया, एक फुटली नाही.
ऊन पाणी करून झालं, शेणात ठेवून झालं.
पहिल्या उन्हाळ्यात पाटी विटली, मी पुन्हा रंगवली.
नसलेल्या झाडाचं नाव दोनदा रंगवणारा
तालुक्यात मी एकटाच असेन.
शाळेची पोरं विचारायची, इथं कोण पुरलंय?

मॅडमनी सहज सांगितलं होतं :
दहिवणाच्या पानावर काडीनं लिहा,
जरा वेळानं अक्षर काळं होऊन वर येतं.
रंग नको. ब्रश नको.
त्या रात्री झोप आली नाही.
टर्पेंटाइननं सोललेली बोटं
अंधारात गिरवत राहिली, गोधडीवर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
पाटीच्या खांबाला टेकून दोन पानं.
वाफ्यात नाही, कडेला,
जिथं माझं डब्याचं पाणी सांडायचं.
केवळाबाई म्हणाली, चुरगळून वास बघू?
मॅडम इतक्या जोरात ओरडल्या
की खदानीतले होले उडाले.

आता चार पानं आहेत.
मोठं पान रुपयाएवढं.
मॅडम म्हणतात, भोकरही असेल,
एकाच कुळातली, बी मिसळलं असेल,
दिवाळीपर्यंत थांबा.
मी थांबलोय.

खिशात बाभळीचा काटा आहे.
रुपयाएवढ्या पानावर नाव मावायचं नाही,
माझंही नाही.
पण एक टिंब मावेल,
पाचुंद्याचं राहिलेलं.
काळं झालं तर दहिवण.
नाही झालं तर
भोकराची पाटी करावी लागेल, पत्रा शिल्लक आहे.

मॅडमना काट्याचं सांगू नका.